कोण बोलतंय?

२४ ऑगस्ट १९९७

लिही, आशा. सगळ्यात आधी हे लिही की मी बोलणार आणि तू लिहिणार, मध्ये तुझी अक्कल घालणार नाहीस. तुझ्याबद्दल वाकडं बोलले तरी तसंच्या तसं उतरवायचं.

ही आशालता, माझी सून. मला अक्षर ओळखीचं नाही, म्हणून हिच्या हाताने लिहिते. हसतेय बघ. हसलीस तेही लिही.

ही डायरी अनुजने दिली, माझ्या नातवाने. वापीला कारखान्यात नोकरीला निघाला त्या सकाळी आशा आत त्याचा डबा भरत होती आणि मी ओटीवर झोपाळ्यात बसले होते. त्याने डायरी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "आजी, तुझी ब-ब-बडबड..." मी म्हटलं, "माझी बडबड हिच्यात भरून ठेवू आणि दिवाळीला आलास की वाचशील, हेच ना?" त्याने जरा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग मान हलवली. पाया पडला आणि निघाला.

अनुजची जीभ अडते. लहानपणापासून. शब्द दारापर्यंत येतो आणि उंबऱ्यावर फतकल मारून बसतो. मग त्याचा चेहरा लाल होतो आणि उजव्या हाताचं बोट जे समोर असेल त्याच्यावर आपटायला लागतं. मांडी, पेला, टेबल, काहीही. टकटक, टकटक. वेखंड उगाळून मधातून चाटवलं, देव झाले, डॉक्टर झाले. शेवटी मीच त्याचं औषध झाले. टकटक सुरू झालं की पुढचा शब्द मी पुरवते. शाळेत घालायला नेला तेव्हा मास्तरांनी त्याला नाव विचारलं, सांगितलं मी. दुकानात, देवळात, लग्नात, कुणीही "बाळा, तुझं नाव काय" म्हटलं की मी तयार. अख्ख्या गिरीज गावाला ठाऊक आहे, अनुजची जीभ माझ्या तोंडात आहे.

आता वापीत तो काय करत असेल देव जाणे.

२९ ऑगस्ट

फोन आला! इतकी वर्षं नंबर लागत नव्हता, अर्जही अनुजनेच केला होता, आणि तो गेल्यावर यंत्र आलं. श्रीपत लाइनमनने ओटीवर बसवून दिलं. मी त्याला हळदकुंकू लावलं. फोनला, श्रीपतला नाही.

आत्माराम, म्हणजे माझा मुलगा, आणि आशा दिवसभर वाडीत असतात. केळीची पानं, फुलं, भाजी, त्यांना मान वर करायला सवड नाही. तेव्हा फोन माझ्या राखणीत. घंटी वाजली की मी उचलते आणि एका दमात म्हणते, "हॅलो, गिरीजहून मालन राऊत बोलतेय, कोण बोलतंय, कोण पाहिजे, आत्माराम वाडीत आहे, रेजिनाला बोलवायचं असेल तर थांबा हाक मारते." रेजिना आमच्या कुंपणापलीकडच्या गॅब्रिएलची मुलगी, कॉलेजात जाते. तिच्या मैत्रिणींचे फोन आमच्याकडेच येतात.

श्रीपत म्हणाला, "आजी, समोरच्याला पण बोलू द्या थोडं."

मी म्हटलं, "त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल. मी काय त्याचं तोंड धरलंय?"

आशाने अनुजला पत्रातून नंबर कळवलाय. मी म्हटलं, कशाला? त्याला का फोन जमणार आहे? समोर माणूस असताना जमत नाही.

९ सप्टेंबर

गणपती झाले. अनुजला रजा मिळाली नाही. मोदक केले, पण मोजून खाणारं कुणी नसलं की मोदकही बेचव लागतात. (आशा म्हणते, बेचव नव्हते. बरं, नव्हते.)

फोनला नवीनच रोग लागलाय. संध्याकाळी चहाच्या वेळेला लांबलचक घंटी होते. मी उचलते, माझं सगळं म्हणते, पलीकडे कुणी नाही. नुसता श्वास. मग मी ठेवून देते. परवा झालं, आज परत झालं.

१५ सप्टेंबर

रोग कळला. हा रेजिनाच्या मागे लागलेला कुणीतरी आहे. मुलीचा आवाज आला तर बोलायचं, म्हातारीचा आला तर गप्प बसायचं. आमच्या वेळी पोरं विहिरीवर घिरट्या घालायची, आता तारेवरून घालतात.

गॅब्रिएलला कुंपणाशी बोलावून सांगितलं. तो आधीच कडक माणूस. म्हणाला, "मालनबाय, बरं केलंस सांगितलंस." नंतर त्याच्या घरातून बराच आवाज येत होता. पोरगी शहाणी आहे, पण वेळीच वेसण घातलेली बरी.

आशा म्हणाली, "आई, खात्री नसताना कशाला सांगितलंत?" तिला जगाचं काय कळतं? दिवसभर मोगऱ्याशी बोलते.

१९ सप्टेंबर

आज त्या फोनवाल्याची मी चांगली जिरवली. लिही, आशा, सगळं लिही, अनुजला वाचून हसू येईल.

घंटी झाली. मी उचलला. श्वास. मी म्हटलं, "कोण बोलतंय?" गप्प. मी म्हटलं, "अरे, तोंड आहे ना तुला? का गहाण ठेवलंस? रेजिनाच्या बापाला माहीत झालंय, आता तो तुझे पाय मोडणार आहे." तरी गप्प. एकदा नुसतं "अ" असं काहीतरी आलं, उचकी लागल्यासारखं. मला रागच आला. मी म्हटलं, "मुका आहेस का रे? मुक्याने फोन करू नये! आईबापांनी बोलायला शिकवलं नसेल तर घरी बस. परत ह्या घरात फोन करशील तर याद राख!" आणि आपटला.

मजा म्हणजे, मी हे सगळं बोलत होते तेव्हा पलीकडून टकटक, टकटक असं येत होतं. सुतारपक्षी बसवलाय जणू तारेवर. लाईन पण बिघडलेली दिसते.

इथे आशाने पेन ठेवलं. म्हणाली, "कसं टकटक?" मी पाटावर बोटाने वाजवून दाखवलं. ती उठली, म्हणाली पाणी पिऊन येते. पाणी प्यायला हिला किती वेळ लागतो! परत आली तेव्हा डोळे लाल. धूर लागला म्हणते. चूल कुठे पेटलीय आत्ता? गॅस आहे.

२७ सप्टेंबर

त्या दिवसापासून तो फोन बंद. गप्प बसवला ना मी! पण घरात सगळंच बिनसलंय. आशा वाडीतून लवकर येते आणि फोनजवळच फुलं गुंफत बसते. मी म्हटलं, "तुझा कोण येणार आहे फोन?" माझ्याशी सरळ बोलत नाही. हे ती लिहितेय, पण तोंड पाहा तिचं.

अनुजचं पत्र आलं नाही. दर आठवड्याला यायचं. आशाने दोन लिहिली, एकाचंही उत्तर नाही.

रेजिना येईनाशी झाली. कुंपणापाशी दिसली तर मान वळवून गेली. तिला बापाने मारलं म्हणे. मी मारायला सांगितलं नव्हतं.

३ ऑक्टोबर

सकाळी श्रीपत आला. मीच तक्रार केली होती, टकटक येतं म्हणून. त्याने तपासलं. म्हणाला, "आजी, लाईन एकदम साफ आहे. घंटी कशी वाजायची त्या फोनची? नेहमीसारखी तुटक, का लांब?"

"लांब."

"मग तो गावातला नाही. बाहेरगावचा फोन. लांब घंटी म्हणजे कुणी एस.टी.डी. बूथवरून करत असणार. तुमचं कोण आहे बाहेरगावी?"

मी म्हटलं, "आहे एक, वापीला, नातू माझा. पण तो नव्हे. त्याची जीभ अडते, त्याला फोनवर..."

पुढचं मला बोलता आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझं वाक्य अर्धं राहिलं आणि ते पुरं करायला कुणी नव्हतं. श्रीपत आपली अवजारं आवरत राहिला.

आज एवढंच.

४ ऑक्टोबर

काल झोप लागली नाही. लिही.

रात्रभर तो बूथ डोळ्यांपुढे येत होता. मी पाहिलेला नाही, तरी दिसला. काचेची पेटी, मागे रांग, आणि माझा पोरगा काचेवर बोट आपटतोय. "अ" म्हणतोय. उचकी नव्हती ती. तो 'आजी' म्हणत होता आणि मी त्याला मुका म्हटलं. इतकी वर्षं बाहेर कुणी त्याला तसं म्हटलं की मी त्याच्या अंगावर धावून जायचे. दुकानदाराला शिव्या घातल्या, मास्तरांना घातल्या. आणि त्याने कधी नाही ती हिंमत करून फोन केला तर उचलला मी.

सकाळी आशाला विचारलं, "तुला कळलं होतं?"

"हो."

"त्याच दिवशी? टकटक म्हटलं तेव्हा?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिने ओट्यावरचं भांडं खाली ठेवलं. म्हणाली, "दोनदा सुरुवात केली, आई. तुम्ही म्हणालात, 'माहीत आहे, मोगऱ्याचा भाव पडलाय.'"

मी तिला म्हटलं, हे असंच लिही. लिहून झाल्यावर म्हणाली, "आई, ते एकोणीस तारखेचं पान फाडू का?" नाही. राहू दे.

दुपारी रेजिनाकडे गेले. कुंपणावरून नाही, रस्त्याने, दारातून. गॅब्रिएलसमोर तिला म्हटलं, "बाय, चूक माझी. तो तुझा कुणी नव्हता, माझा होता." पोरगी रडली. मग गॅब्रिएल तिच्याकडे बघेना आणि मीही बघेना. दोघं मोठी माणसं जमिनीकडे बघत बसलो.

८ ऑक्टोबर

गप्प राहायचा अभ्यास चाललाय. हसू नकोस, आशा.

जेवताना ठरवलं की कुणाचंही वाक्य तोडायचं नाही. आत्माराम पहिला घास घेऊन म्हणाला, "भाजीत..." माझा हात मिठाच्या वाटीकडे गेलाच होता. वर्षानुवर्षं तो 'भाजीत' म्हणतो आणि मी मीठ सरकवते. आज हात मागे घेतला. तो थांबला, माझ्याकडे पाहिलं, मीठ येत नाही म्हणून घाबरला असावा. मग आशाकडे बघून म्हणाला, "भाजीत आज ओलं खोबरं छान लागतंय."

आशाच्या हातातली पोळी तशीच राहिली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली ह्यांच्या. आणि तो मुकाट्याने मीठ घालून खात होता! म्हटलं, "अरे, मग जास्त मीठ का खाल्लंस इतकी वर्षं?" म्हणाला, "तू देत होतीस ना."

अनुजची किती वाक्यं अशी मीठ घालून मी त्याला परत दिली असतील? तो मान हलवायचा. मला वाटायचं, बरोबर ओळखलं.

१३ ऑक्टोबर

ऊन चांगलं पडतंय म्हणून राजेळी केळ्यांची सुकेळी घातली होती. अनुजला सुकेळी फार आवडते. वाळली, केळीच्या सुक्या सोपटात बांधली, आणि गॅब्रिएल केळ्यांचा टेंपो घेऊन वापीला जात होता त्याच्याकडे दिली. निरोप एवढाच: संध्याकाळी फोन कर, आजी तोंड उघडणार नाही.

संध्याकाळी गॅब्रिएल परत आला. मी फाटकात उभी. "भेटला?"

"भेटला. बरा आहे. सुकेळी घेतली."

"काही म्हणाला?"

"म्हणायला लागला होता, पण टेंपो रस्त्यात उभा, मागून हॉर्न. मी म्हटलं, कळलं कळलं, बरा आहेस, सांगतो आजीला."

"तो बरा आहे असं म्हणाला?"

"तेच म्हणत असणार ना, मालनबाय. दुसरं काय म्हणणार?"

एक धपाटा घालावासा वाटला त्याला. मग स्वतःलाच घालावासा वाटला.

१५ ऑक्टोबर

घंटी नाही. रेजिनाच्या मैत्रिणीचा एक आला, तुटक. मी नुसतं "हॅलो" म्हटलं तर ती पोरगी म्हणाली, "आजी, बरं नाही का तुम्हाला?"

१८ ऑक्टोबर

आशा, हळू लिही, मला सगळं आठवू दे.

चहा उतरवला होता. लांब घंटी झाली. आशा दारात फुलांची टोपली घेऊन उभी. मी म्हटलं, "तू घे. माझ्याच्याने नाही होणार." ती म्हणाली, "त्याने फोन तुम्हाला केला होता, आई."

उचलला. माझं ते पाठ झालेलं सगळं घशाशी आलं, गिळलं. नुसतं विचारलं, "कोण बोलतंय?" आणि थांबले.

श्वास. मग टकटक. मी पदराचा बोळा करून दातांत धरला. नाव माझ्या जिभेवर होतं, नेहमीसारखं तयार. मागून कुणीतरी ओरडलं, "जल्दी करो, भाई!" टकटक चालू. आता ठेवेल, मला वाटलं. त्याने ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

आणि मग तो म्हणाला, "अनुज. अनुज आत्माराम राऊत."

कसं म्हणाला, त्यातला 'अ' किती वेळा आला, ते लिहायचं नाही. पहिल्या पानावर मी मुद्दाम तीन 'ब' लिहायला लावले होते, मजा म्हणून. इथे सरळ लिही. त्याने सांगितलं, आणि मी ऐकलं.

नंतर म्हणाला, "आजी, रडतेस?"

"कांदा चिरतेय."

"फोनवर?"

"मला दोन्ही जमतं."

तो हसला. हसताना त्याची जीभ कधीच अडत नाही. मी म्हटलं, "मी तुला मुका म्हटलं रे."

तो म्हणाला, "ऐकलं."

एवढंच. 'असू दे' नाही, 'कळलं नव्हतं तुला' नाही. मी वाट पाहिली, पण ते काही आलं नाही. आणि ते मी त्याच्या तोंडात घालायचं नव्हतं.

मग विषय बदलायला म्हटलं, "दिवाळीला ये. तुझ्या डायरीत सगळं लिहून ठेवलंय, माझी बदनामी पण. तू म्हणालास तशी बडबड भरून ठेवलीय."

पुन्हा टकटक. ह्या वेळी फार. माझ्याकडे तीन वाक्यं तयार होती. रजा नाही म्हणेल, वाचणार नाही म्हणेल, लाज वाटते म्हणेल. तिन्ही गिळली, आणि बरं झालं, कारण तिन्ही चुकीची होती.

तो म्हणाला, "आजी, मी तसं म्हणालो नव्हतो. तुझी बडबड सगळ्यांना ऐकू येते. आईचं कोण ऐकतं? ती डायरी मी आईला द्यायला दिली होती."

मी काही म्हटलं नाही. अभ्यास म्हणून नव्हे. रिसीव्हर आशाच्या हातात दिला आणि बाहेर केळीत जाऊन उभी राहिले. दुसऱ्याचं बोलणं चालू असताना मी कधी लांब गेले नव्हते, आज गेले. आतून आशाचा आवाज येत होता. नुसतं "हं" म्हणत होती, मध्ये बराच वेळ थांबून पुन्हा "हं". तिला हे आधीपासून येत होतं.

लिहिलंस का, आशा? तुझी डायरी तुझ्याच हातून मी भरत आले, आणि तुला मध्ये अक्कल घालू नकोस म्हणाले. पहिल्याच दिवशी. माहीत होतं का तुला? थांब, घाईने उत्तर देऊ नकोस. मी गप्प बसलेय.

बरं. नको सांगूस.

पुढची पानं तुझी. रोज लिही. माझ्याबद्दल वाकडं लिहायचं असेल तर तेही लिही, जितकं मनात असेल तितकं. मला कुठे वाचता येतंय.